बाळाला खोकला झालाय? आधी एक मिनिट श्वास मोजा!

हवा बदलली की सरकारी दवाखान्यांच्या ओपीडीत खोकणाऱ्या लहान मुलांची रांग लागते. बहुतेकांचा खोकला विषाणूमुळे होतो आणि एक-दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. काहींना मात्र न्यूमोनिया असतो. तो ओळखायला खोकल्याच्या आवाजापेक्षा श्वासाचा वेग जास्त उपयोगी पडतो.

श्वास का वाढतो?
न्यूमोनियात फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्यांमध्ये द्रव साचतो. ऑक्सिजन कमी पडू लागला की बाळ भराभर श्वास घेतं.

कसा मोजायचा?
बाळ शांत असताना अंगावरचा कपडा वर करा. पोट किंवा छाती किती वेळा वर येते, ते घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. त्यामुळे १५ सेकंद मोजून चारने गुणू नका.

किती म्हणजे जास्त?
▪ २ महिन्यांपेक्षा लहान : ६० किंवा जास्त (पुन्हा मोजून खात्री करा, थेट रुग्णालय गाठा)
▪ २ ते १२ महिने : ५० किंवा जास्त
▪ १ ते ५ वर्षे : ४० किंवा जास्त

जागतिक आरोग्य संघटनेचे हे निकष आशाताईंनाही शिकवले जातात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच लोकांना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं. त्यातून बालमृत्यू घटल्याचा अभ्यास १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला.

लगेच रुग्णालयात कधी?
श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणं, दूध-पाणी न घेणं, सगळं उलटून टाकणं, झटके, सुस्ती, ओठ निळे पडणं किंवा शांत असतानाही श्वासाला घरघर आवाज येणं. यातलं एक लक्षण दिसलं तरी थांबू नका.
खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर टीबीची तपासणी करून घ्या.

सिरप द्यायचं का?
मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात दूषित सिरपमुळे मुलांचे मृत्यू झाल्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने सूचना काढली : दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत. एक वर्षाखालील बाळाला मधही चाटवू नका. अंगावरचं दूध सुरू ठेवा, मोठ्या मुलांना कोमट पाणी द्या.

दवाखान्यात डॉक्टरांना 'खूप खोकतोय' एवढंच सांगू नका. मिनिटाला किती श्वास मोजले, तो आकडाही सांगा.