चुना नाही, सिमेंट नाही, तरी उभा गडगा!

ज्यांचं आजोळ कोकणात आहे त्यांना 'गडगा' म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. परसाभोवती, आंबा-काजूच्या बागेभोवती दगडावर दगड रचून केलेली कमरेएवढी किंवा छातीएवढी भिंत म्हणजे गडगा. त्यात चुना नाही, सिमेंट नाही, साधा चिखलसुद्धा नाही. दगड एकमेकांना धरून बसलेले असतात, एवढंच!

आणि हा गडगा कोकणचा पाऊस अंगावर घेतो बरं का! तिथे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर, कुठे कुठे त्याहूनही जास्त पाऊस पडतो. ते सगळं पाणी खोलीत साठवलं तर छताला टेकेल. मग गडगा वाहून का जात नाही? कारण त्याला फटी असतात. भिंतीमागची माती भिजली की पाणी भिंतीला ढकलू लागतं. गडगा त्याला अडवतच नाही, फटींतून जाऊ देतो. सिमेंटची भिंत मात्र अडवते. म्हणून तर घाटातल्या रस्त्याकडेच्या भिंतींना ओळीने भोकं ठेवलेली असतात. पुढच्या वेळी एस.टी.च्या खिडकीतून नीट बघा.

कोकणातला गडगा बहुतेक जांभ्या दगडाचा. जांभा लोखंडामुळे तांबडा दिसतो. जमिनीत असताना तो मऊ असतो, पण हवा लागली की टणक होतो. फ्रान्सिस ब्युकॅनन या अभ्यासकाने केरळात तो पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या वर्णनात विटेच्या लॅटिन नावावरून त्याला 'लॅटेराइट' म्हटलं. आपल्या लोकांनी मात्र त्याच्या आधीपासूनच त्याचे चिरे काढून घरं बांधली होती.

मग असा गडगा पडतो तरी कशाने? फटीत पिंपळाचं रोप रुजतं आणि मुळं दगड सरकवतात. गुरं उडी मारतात. (आणि कैऱ्यांसाठी चढणारी मुलंही! नावं सांगत नाही.) कधी पोटातल्या बारीक चिपा निसटतात, कधी पायाखालची माती धुपते. आधी भिंतीला पोट येतं आणि मग एका रात्री धाडकन खिंडार पडतं.

माझ्या आजोळी असंच झालं होतं. परसातला सात-आठ हात गडगा आडवा झाला. तो शेजाऱ्यांच्या आणि आमच्या हद्दीवरचा. कोकणात हद्द म्हणजे नाजूक मामला! मामा म्हणाला, "सरळ सिमेंटची भिंत घालू." शेजारचे तात्या म्हणाले, "घाला, पण तुमच्या जागेत. गडगा मुळात अलीकडे होता." झालं! दोन घरांचं बोलणं बंद. आजीने मग गावातल्या गडगा घालणाऱ्या म्हाताऱ्या काकांना बोलावलं.

काकांनी आल्या आल्या उरलेला सैल भागही पाडायला लावला. मामा हबकलाच! पण फुगलेल्या भागाला नवं काम जोडलं तर दोन्ही एकदम येतात, असं काकांचं म्हणणं. मग आम्हा मुलांना दगड निवडायला बसवलं. मोठे एकीकडे, लांबट दुसरीकडे, सपाट वेगळे, चिपा वेगळ्या. माती उपसल्यावर खाली पायाचे जुने दगड दिसले, जागच्या जागी, सरळ रेषेत. काकांनी दोन्ही टोकांना दोरी बांधली. ती ना मामाच्या म्हणण्यावर आली, ना तात्यांच्या!

आता खरी गंमत ऐका. गडगा म्हणजे एक भिंत नव्हे, दोन असतात. आतली आणि बाहेरची. दोन्ही एकमेकींकडे किंचित कललेल्या आणि मध्ये चिपा ठासलेल्या. त्या बरोबरीनेच चढवाव्या लागतात. एका बाजूला काका आणि मामा बसले. पण दुसऱ्या बाजूला कोण बसणार? ती जागा तात्यांची! आजीने हाक मारली, "तात्यानू, येताय ना?" तात्या थोडा वेळ आत राहिले आणि मग पंचा खोचून आले.

सगळ्यात मोठे दगड तळाला. दगडाची लांब बाजू भिंतीच्या आत जाते. बाहेरून लांबुडका दगड छान दिसतो, पण तो चटकन निसटतो. खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड बसवायचा, म्हणजे सांधे एका रेषेत येत नाहीत. मधूनमधून दोन्ही भिंतींना बांधणारा आरपार दगड घालायचा. चिपा हाताने एकेक बसवायच्या, घमेलं उपडं करायचं नाही. शेवटी वर जड सपाट दगड. काका प्रत्येक दगडावर पाय देऊन बघत. डुगडुगला की, "काढ रे पोरा!" मामाला एक दगड पाच वेळा काढावा लागला आणि पहिल्यांदा हसले ते तात्या.

काम चार दिवसांत झालं. दुपारचा चहा कधी आमच्याकडून, कधी पलीकडून येई.

ही विद्या फक्त आपल्याकडचीच नाही. २०१८ साली युनेस्कोने क्रोएशिया, ग्रीस, इटली, स्पेन अशा आठ देशांतली अशा भिंतींची कला मानवजातीच्या वारशात नोंदवली. २०२४ मध्ये आयर्लंडसह आणखी पाच देशांची भर पडली. आपला गडगा त्या यादीत नाही. आणि गडगा घालणारे हातही आता गावोगावी कमी झालेत.

तुमच्या परसात गडगा असेल तर दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या कडेने एक फेरी मारा. कुठे पोट आलंय का, पायाची माती गेलीय का, वरचा दगड हललाय का, ते बघा. पिंपळाचं रोप वीतभर असेल तोवरच मोठ्यांना दाखवा, नंतर कोयताही पुरत नाही. फटीत हात मात्र घालायचा नाही हं! तिथे विंचू असतो, कधी फुरसंही असतं. आणि पडलेले दगड कुणाला भरावासाठी देऊ नका. तेच दगड पुन्हा लागणार आहेत.