आडव्या बॅरलातलं डिझेल कसं मोजायचं?

मच्छीमार बंधू-भगिनींनो, १ ऑगस्टला बंदी उठली की केरी, हरमल, मोरजीच्या बोटी परत दर्यात जाणार. त्याआधी हा हिशोब घरात बसून करून बघा.

आपलं लोखंडी बॅरल म्हणजे पोरांच्या पुस्तकातली वृत्तचिती. घनफळ = ३.१४ × त्रिज्या × त्रिज्या × उंची. आतली रुंदी ५७ सेंमी धरली तर त्रिज्या २८.५ आणि उंची ८५. गुणाकार सुमारे २,१६,८०० घन सेंमी येतो. १००० घन सेंमी म्हणजे १ लिटर, म्हणून काठोकाठ भरल्यास सुमारे २१७ लिटर. बॅरल उभं असेल तर काठीवरचा प्रत्येक सेंमी म्हणजे अडीच लिटर.

बॅरल आडवं केलं की हे चालत नाही. काठी अर्ध्यापर्यंत भिजली तर डिझेल अर्धंच असतं. पण पाव उंचीपर्यंत भिजली तर ५४ लिटर धरू नका. तळाकडे बॅरल अरुंद होत जातं, तिथे सुमारे ४२ लिटरच असतात. हे १२ लिटर कमी पडले की परतताना इंजिन भर दर्यात बंद पडतं.

सोपा उपाय: रिकाम्या आडव्या बॅरलात २०-२० लिटर मोजून ओता आणि दर वेळी काठीवर खूण करा. तीच काठी बोटीवर ठेवा, खलाशांनाही दाखवा.