कोयनेची वसाहत व आपलें घर

उंब्रज येथें कृष्णा व तारळी या दोन नद्यांचा संगम आहे. समर्थ रामदासांनीं स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकीं एक मारुति याच गांवीं असून त्याची मूर्ति चुना, वाळू व ताग यांची घडविलेली आहे, असें परंपरेनें सांगतात. चुन्यांत ताग कशासाठीं? चुन्याचा गोळा दाब पुष्कळ सोसतो, पण ओढ लागली कीं तडकतो. ती ओढ तागाच्या धाग्यानें आपल्या अंगावर घ्यावयाची. एवढें मर्म ज्यास कळलें त्यास गृहरचनेच्या शास्त्राचा पहिला पाठ कळला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. याच उंब्रजहून मल्हारपेठ-पाटणच्या वाटेनें पश्चिमेकडे गेलें म्हणजे कोयनेच्या खोऱ्यांत जी नवी वसाहत उभी राहिली, तिच्या भिंतींत हा धागा नव्हता. त्याचें मोल १९६७ सालीं द्यावें लागलें. ती हकीकत प्रत्येक कुटुंबास उपयोगी पडेल अशी असल्यानें आम्ही ती येथें देत आहों.

विसाव्या शतकाच्या मध्यास घरांची टंचाई सर्व जगास भासूं लागली होती. दुसरें महायुद्ध संपल्यावर अमेरिकेंत न्यूयॉर्क शहराजवळ १९४७ पासून लेव्हिटटाउन नांवाची वसाहत उभारण्यांत आली. तेथें एकाच ठशाचीं सतरा हजारांहून अधिक घरें थोडक्या वर्षांत बांधून झालीं. कॅलिफोर्नियांत जोसेफ आयक्लर या व्यावसायिकानें सामान्य गृहस्थांसाठीं सुमारें अकरा हजार घरें बांधलीं. त्यांत छपराचा भार लांकडी खांब व तुळया यांवर घेतलेला असून, भिंत केवळ आडोशापुरती, बहुधा कांचेची, असे. या घरांस तिकडे नव्या युगाचीं घरें म्हणून मान मिळाला. आपल्या वाड्यांतील खण, खांब व तुळई ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस मात्र हें तत्त्व अगदींच परकें वाटूं नये.

आपल्या भागासही आखीव वसाहतीची कल्पना नवी नव्हती. बेळगांवांतील कारखान्याची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंधच्या पंतप्रतिनिधींनीं दिलेल्या, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. कारखान्याभोंवतीं कामकऱ्यांचीं घरें असावींत, रस्ते सरळ असावेत, शाळा व छापखाना हांकेच्या अंतरावर असावा, हा धडा आपल्या लोकांनीं तेथें प्रथम गिरविला. स्वातंत्र्यानंतर असलीच कामगिरी सरकारनें अंगावर घेतली. १९५४ च्या सुमारास कोयना प्रकल्पाचें काम सुरू झालें आणि हेळवाकच्या शेजारीं कोयनानगर वसलें.

अशा प्रकल्प-वसाहतींची घडण ठरलेली असे. हुद्द्याप्रमाणें घर: अधिकाऱ्यांस बंगला, कारकुनांस जोडघर, कामगारांस चाळ. कोयनानगरांत पाऊस वर्षांत सरासरीनें पांच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. तेव्हां उतरतें छप्पर हवेंच. बहुतेक घरें बैठीं, जवळच्या काळ्या दगडाच्या भिंतींचीं, वर कौलें वा पत्रे घातलेलीं, अशीं होतीं. वीज व नळाचें पाणी यांची सोय जुन्या गांवच्या घराहून कितीतरी बरी. ज्या तरुण गृहिणी सासरचें माजघर सोडून असल्या वसाहतींत राहावयास गेल्या, त्यांस स्वतंत्र संसाराचा आनंद लाभला असेल. पण दोन खोल्यांच्या घरांत आजींची जपमाळ कोठें बसावी, पाहुणे कोठें निजावेत आणि देव कोठें मांडावेत, हेंही प्रश्न त्यांसच सोडवावे लागले. घर लहान झालें म्हणजे कुटुंबही लहान होतें, हा अनुभव त्या पिढीनें घेतला.

धरणांत १९६२ पासून पाणी सांठूं लागलें आणि त्यानंतर खोऱ्यांत लहान लहान धक्के जाणवूं लागले. सोमवार, ता. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनीं मोठा धक्का बसला. त्याचें मान रिश्टर मापानें ६.३ ते ६.५ इतकें धरतात. सर्व लोक साखरझोंपेंत होते. पावणेदोनशेंहून अधिक माणसें मृत्यु पावलीं, दोन हजारांहून अधिक जखमी झालीं. आणि कोयनानगरांतील दर पांच घरांपैकीं चार घरें एक तर कोसळलीं, नाहीं तर राहण्यास निरुपयोगी झालीं. १०३ मीटर उंचीचें धरण तडे जाऊनही उभें राहिलें व पुढें त्यास आधार देऊन बळकट करण्यांत आलें. ज्या दगडानें धरण उभें राहिलें त्याच दगडाचीं घरें कां पडलीं?

दोष दगडाचा नव्हे, जोडणीचा होता. अनघड दगडाची जाड भिंत बाहेरून एकसंध दिसते. परंतु पुष्कळदां ती दोन भिंती असते. आंतला एक थर, बाहेरचा एक थर व मध्यें खडी-मातीची भर. जमीन आडवी हलूं लागली कीं हे दोन थर एकमेकांपासून सुटतात, पोट फुगतें आणि भिंत ढांसळते. कोपऱ्यांत दोन भिंती एकमेकींस नीट गुंतविलेल्या नसल्या तर त्या उभ्या फांकतात, आणि भिंतीवरच विसांवलेलें छप्पर निजलेल्या माणसांवर येतें. भार खालीं वाहून नेण्याचें काम अशी भिंत शंभर वर्षें करील. आडवी ओढ मात्र ती एक मिनिटही सोसणार नाहीं. मारुतीच्या मूर्तींतील ताग तो येथें नव्हता.

यास उपाय फार खर्चाचे आहेत असेंही नाहीं. उंचींत दर दोन फुटांस व लांबींत दर चार फुटांस एक लांब दगड भिंतीच्या आरपार घालावा, म्हणजे दोन्ही थर बांधले जातात. कोपऱ्यांत लांब दगड आलटून पालटून बसवावेत. चिखलाऐवजीं चुन्याचा वा सिमेंटचा माल वापरावा. जोत्यावर, दारांच्या चौकटींवर व छपराखालीं घराभोंवतीं लोखंडी सळयांची सलग काँक्रीटची पट्टी फिरवावी; कमरबंदानें अंग आवळावें तसें तिनें घर आवळलें जातें.

१९६६ च्या सरकारी नकाशांत हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीनें शून्य पट्ट्यांत घातलेला होता. १९७० च्या नकाशांत तो शून्य पट्टाच रद्द झाला आणि कोयनेचा समावेश चौथ्या पट्ट्यांत करण्यांत आला. नकाशा बदलला, गवंड्याची रीत मात्र बदलली नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी येथें भूकंप झाला, तेव्हां तेंच घडलें: दगड-चिखलाच्या जाड भिंती, वर मातीचें जड माळवद, आणि सुमारें दहा हजार माणसांचा अंत. कोयनेनंतर सव्वीस वर्षें मिळालीं होतीं. तीं आपण दवडलीं, हें सांगतांना आम्हांस खेद होतो.

येथें जुन्या वाड्याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. वाडा भूकंपास पुरून उरतो, असा भाबडा अभिमान आम्ही बाळगीत नाहीं. त्याच्याही दगडी भिंती पडतात. परंतु ज्या वाड्यांत छपराचा भार लांकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर आहे, तेथें भिंत बाहेर पडली तरी सांगाडा कांहीं काळ छप्पर तोलून धरूं शकतो, आणि तेवढ्या अवधींत माणसें अंगणांत येऊं शकतात. यांत अट एवढीच कीं, खांबाचा पाय वाळवीनें खाल्लेला नसावा आणि तुळईचा सांधा सुटलेला नसावा.

हें आतां सांगण्याचें कारण असें. उंब्रज, कऱ्हाड, पाटण या भागांत वाड्यांच्या वांटण्या झाल्या आहेत. कोणा भावानें मधला खांब काढून दिवाणखाना प्रशस्त केला. कोणीं जुन्या चिखलाच्या भिंतीवर नवी काँक्रीटची गच्ची चढविली. कोणीं खालीं मोटार ठेवण्यासाठीं बारीक खांबांवर सारें घर उभें केलें. वांटणीपत्रांत खांब कोणाचा हें लिहिलेलें असतें. तो खांब साऱ्या घराचा आहे, हें लिहिलेलें नसतें. एका बिऱ्हाडानें काढलेला खांब दुसऱ्या बिऱ्हाडाच्या निजण्याच्या खोलीवरचा आधार असूं शकतो.

म्हणून आमची सूचना अगदीं साधी आहे. येत्या सणास सर्व भाऊ एकत्र जमतील, तेव्हां हिशेबाच्या चोपड्यांबरोबर घरही तपासावें. खांबांचे पाय उकरून पाहावेत. भिंतीचें पोट फुगलें आहे कीं काय, तें ओळंबा लावून पाहावें. वडील मंडळी निजतात त्या खोलीच्या डोईवर जड माळा असल्यास तो रिकामा करावा. आणि खांब काढावयाचा किंवा मजला चढवावयाचा असेल, तर जाणत्या अभियंत्याचा सल्ला घेतल्यावांचून कुदळ लावूं नये. हा खर्च सामाईक धरावा.

कऱ्हाडजवळ हजारमाची येथें शासनाची प्रयोगशाळा असून, कोयनेच्या भूगर्भाचा अभ्यास करण्यासाठीं गोठणे येथें तीन किलोमीटर खोल विवर घेण्यांत आलेलें आहे. पृथ्वीच्या पोटांत काय चाललें आहे तें शास्त्रज्ञ पाहतील. आपल्या भिंतीच्या पोटांत काय आहे, तें मात्र आपलें आपणच पाहावयास हवें.