गाळलेले पाणी आणि विनयाची शिकवण

विनयपिटकाच्या महावग्गातील भेसज्जक्खंधकात तत्कालीन घरगुती पेये व औषधे यांची माहिती मिळते. यागू म्हणजे तांदळाची पेज. तिचे दहा गुण तेथे सांगितले आहेत. तहान भागविणे व मूत्राशयाची शुद्धी हे त्यांपैकी दोन. पोटातील वातविकारावर ‘लोणसोवीरक’ हे आंबट-खारट पेय रुग्णाने तसेच घ्यावे, निरोगी भिक्खूने पाणी मिसळून घ्यावे, असा नियम आहे.

यासाठी लागणारे पाणी कसे असावे? चुल्लवग्गात भिक्खूंना परिस्सावन, म्हणजे पाणी गाळण्याचे वस्त्र, बाळगण्याची अनुज्ञा आहे. कापडाने सर्व रोगजंतू अडत नाहीत, त्यासाठी पाणी उकळावेच लागते. परंतु नारूचा प्रसार करणारे सूक्ष्म जलकीटक दाट विणीच्या कापडात अडकतात. भारत २००० साली नारूमुक्त घोषित झाला, त्यात या साध्या उपायाचाही वाटा होता.

चुल्लवग्गातील एक प्रसंग आम्हांस विशेष मननीय वाटतो. कोसल जनपदात दोन भिक्खू प्रवास करीत होते. एकाने दुसऱ्याचा दोष दाखविला. त्याचा राग धरून दुसऱ्याने, सोबती तहानेने व्याकूळ होऊन मागत असतानाही, परिस्सावन दिले नाही. सोबती मरण पावला. तेव्हा भगवंतांनी नियम केला : प्रवासात मागणाऱ्यास परिस्सावन नाकारू नये, ते नसेल तर संघाटीच्या टोकाने पाणी गाळावे.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला, हे स्मरणाऱ्या आम्हांस या नियमाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पाणी स्वच्छ ठेवणे हे शील आहे. ते कोणासही न नाकारणे ही करुणा आहे.