गावकामांचा कारभारी व त्याचे शिक्षण

पाऊस ओसरून नदीचे पाणी निवळले, म्हणजे ज्या गावच्या शिवारात कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा आहे त्या गावास एक काम थोड्या दिवसांत उरकावे लागते. खांबांच्या खाचांत बर्गे घालावयाचे, फटी बुजवावयाच्या व वाहते पाणी रब्बीसाठी अडवावयाचे. काम अवघड नाही. परंतु त्यास वेळ आहे. बर्गे लवकर घातले आणि परतीच्या पावसाने पूर आला, तर पाणी बाजूचा काठ फोडून निघून जाते. उशीर केला, तर अडविण्यास पाणीच उरत नाही.

आमच्या गावी काही वर्षांपूर्वी हा दुसरा प्रकार घडला. निवडणूक होऊन नवे कारभारी नुकतेच आले होते. बर्गे किती व कोठे ठेविले आहेत, हे त्यांपैकी कोणासही ठाऊक नव्हते. शोध लागला तेव्हा काही बर्गे नाहीसे झालेले, व उरलेल्यांच्या रबरी पट्ट्या कुजलेल्या. दुरुस्ती होईतो दिवाळी उलटली व पात्रात घोट्याइतकी धार राहिली. बंधाऱ्यालगतच्या कित्येक खातेदारांचा गहू ऐन ओंब्या भरण्याच्या वेळी तहानेला राहिला. त्यांत आमचेही दोन एकर होते. तेव्हा या विषयात आम्ही अगदी तटस्थ आहोत, असे वाचकांनी समजू नये.

तथापि त्या नव्या मंडळींच्या सचोटीस आम्ही बोल लावीत नाही. त्यांस कोणी शिकविले नव्हते, आणि आम्हां जुन्यांनी काही लिहून ठेविले नव्हते.

घटनेची ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. तिने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. लघुपाटबंधारे, रस्ते, मोऱ्या, पूल व पिण्याचे पाणी हे सर्व त्यांत येतात. पंचायतीची मुदत पाच वर्षांची, आणि सरपंचपदाचे आरक्षण फिरते. त्यामुळे अधिकार नव्या नव्या हातांत जातो, ही गोष्ट चांगलीच आहे. पण नव्या हातास कसब कोठून यावे, याचा विचार गावाने स्वतः केला पाहिजे.

आपल्या जुन्या लोकांनी तो केला होता. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतके चालत आलेली फड पद्धत आमच्या पुष्कळ वाचकांस ऐकून माहीत असेल. बागायतदारांचे पंच निर्णय करीत. परंतु पाटाची निगा पाटकऱ्याकडे, शेतोशेत पाणी देणे बारेकऱ्याकडे, पिकाची राखण जागल्याकडे, व या सर्वांवर देखरेख हवालदाराची असे. त्यांचे वेतन बागायतदारच देत. पंच बदलले तरी पाट कोठे झिरपतो हे जाणणारा मनुष्य जागेवर राही. कित्येक ठिकाणी ही पद्धत आज मोडकळीस आली आहे. तिच्यातील ही व्यवस्था मात्र घेण्याजोगी आहे.

शिक्षणास फार काळ लागतो असेही नाही. २०१६ साली पानी फाउंडेशनने वरुड, कोरेगाव व अंबाजोगाई या तीन तालुक्यांत गावोगावच्या स्पर्धेस आरंभ केला, तेव्हा श्रमदानापूर्वी निवडक ग्रामस्थांस थोड्या दिवसांचे शिक्षण दिले. समपातळी काढण्याचे त्यांचे साधन किती साधे! खुणा केलेल्या दोन काठ्या व त्यांस जोडलेली पारदर्शक, पाण्याने भरलेली नळी. दोन्हीकडे पाणी सारख्या खुणेवर आले की जमीन एका पातळीत आहे. हे न पाहता खणलेल्या चरात सर्व पाणी एका टोकास धावते व पहिल्याच वळवाच्या सरीत ते टोक फुटते. असे फुटलेले चर आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्यांचे पैसे मात्र पुरते अदा झालेले असतात.

पातळीइतकेच मापही शिकले पाहिजे. माती मोजावी ती खड्ड्यात, ढिगात नव्हे. कारण खणलेली माती फुगते. खणताना मध्ये मूळ जमिनीचे एक-दोन खुंट राखावे, म्हणजे खोलीविषयी वाद राहत नाही. मातीचा बांध पातळ थरांनी, पाणी शिंपून व दाबून चढवावा, आणि सांडवा पुरेसा रुंद ठेवावा. सिमेंटच्या बांधास निदान सात दिवस सतत ओल हवी. पाणी मारण्यास मनुष्य नेमला आहे काय, एवढा एकच प्रश्न सरपंचाने रोज विचारला तरी ठेकेदार सावध राहतो. रस्त्यासंबंधी इतकेच, की मध्य उंच व कडेचे चर मोकळे ठेवावे.

हिवरे बाजारचे उदाहरण सर्वतोमुखी आहे. तेथे पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले. पुढे त्या गावाने केलेल्या बांधबंदिस्तीची वाखाणणी सारेच करतात. आम्हांस अधिक मोलाची वाटते ती तेथील हिशेबाची सवय. पाऊस संपला की पाणी किती साठले हे ग्रामसभेपुढे मांडतात, व कोणते पीक घ्यावयाचे ते त्यावरून ठरवितात. शेतीसाठी विंधनविहिरी घेण्यास तेथे बंदी आहे. काम बांधणे व काम चालविणे ही दोन निराळी कसबे आहेत, आणि आपल्याकडे दुसऱ्याची उपेक्षा फार.

आमच्या गावी आता एक जाड वही केली आहे. तीत प्रत्येक बंधारा, मोरी व रस्ता यांस एकेक पान दिले असून, काम केव्हा झाले, कोठे गळते, दुरुस्ती कोणी केली व खर्च किती, हे लिहितात. बर्ग्यांस क्रमांक रंगविले असून ते कुलपात असतात. पूर्वी बर्गे घालणारे एक वृद्ध गृहस्थ हंगामात दोन तरुणांस बरोबर घेऊन बंधाऱ्यावर जातात. त्या दोघांस पंचायतीकडून थोडे मानधन मिळावे असा ठराव मांडला, तेव्हा ग्रामसभेत बरीच कुरकुर झाली. शेवटी लाभधारकांनी एकरामागे वर्गणी देण्याचे कबूल केले. गेल्या मोसमात पावसाळा लागण्यापूर्वी बर्गे काढले, तेव्हा ते मोजून घेतले. दोन कमी भरले. ते कोणाच्या गोठ्यावर आहेत, हे गावास ठाऊक आहे.