पुरलेले धन आणि राहून गेलेले वारस

गुप्तधनाची गोष्ट निघाली की घरातल्या मुलांबरोबर मोठ्यांचेही कान टवकारतात. अमेरिकेच्या इतिहासात अशा गोष्टी पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या काही तर कोर्टापर्यंत गेलेल्या आहेत. त्यांतल्या तीन आज वाचकांपुढे ठेवत आहोत. सोने किती निघाले हे आम्ही सांगूच. पण ते होते कुणाचे आणि त्याच्या घरच्यांपर्यंत का पोचले नाही, हा प्रश्नही वाचताना मनात ठेवावा, ही विनंती.

बुडालेली बोट

१८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि दूरदूरच्या देशांतून माणसे तिकडे धावली. तेव्हा अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेल्वे नव्हती. सोने न्यूयॉर्कला न्यायचे तर सॅन फ्रान्सिस्कोहून बोटीने पनामाला यायचे, तिथली चिंचोळी जमीन ओलांडायची आणि पलीकडच्या किनाऱ्यावर दुसरी बोट धरायची. ‘सेंट्रल अमेरिका’ ही अशीच एक आगबोट. सप्टेंबर १८५७ मध्ये ती ५७८ माणसे आणि कॅलिफोर्नियाचे सोने घेऊन न्यूयॉर्ककडे निघाली. कित्येक प्रवासी खाणीवर राबून, कमावलेले सोने अंगाशी बांधून घरी परतत होते.

वाटेत चक्रीवादळाने गाठले. बोटीत पाणी शिरले, इंजिन बंद पडले. पुरुषांनी रांग लावून बादल्यांनी पाणी उपसले. मदतीला एक छोटे शिडाचे जहाज आले, तेव्हा कप्तान विल्यम हर्नडन यांनी आधी बायका-मुलांना त्यावर पोचवले. स्वतः मात्र शेवटपर्यंत बोट सोडली नाही. वाचलेल्यांनी पुढे सांगितले, की अनेकांनी आपली कमाई केबिनच्या जमिनीवर फेकून दिली होती. कमरेचे सोने आपल्यालाच खाली ओढणार, हे त्यांना कळून चुकले होते. १२ सप्टेंबरला बोट बुडाली. सुमारे ४२५ जीव गेले. न्यूयॉर्कच्या बँका तेव्हा अडचणीत होत्या. सोने बुडाल्याची बातमी आली तसा लोकांचा धीर आणखी सुटला आणि ऑक्टोबरमध्ये त्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवले.

१९८८ साली टॉमी थॉम्पसन या इंजिनिअरच्या तुकडीने दोन किलोमीटरहून खोल समुद्रात ही बोट शोधली. दोर आणि तारांवर चालणारे यंत्र खाली सोडून सोने वर काढले. या कामासाठी १६१ जणांनी १ कोटी २७ लाख डॉलर गुंतवले होते. सोने वर येताच विमा कंपन्या पुढे आल्या. ‘१८५७ साली नुकसानभरपाई आम्ही दिली, म्हणून माल आमचा,’ असे त्यांचे म्हणणे. वर्षानुवर्षे खटला चालला आणि बहुतेक सारा वाटा शोधणाऱ्यांना मिळाला. पण गोष्ट तिथे संपली नाही. आम्हाला आमचा हिस्सा मिळाला नाही, म्हणून गुंतवणूकदार २००५ साली कोर्टात गेले. २०१२ मध्ये थॉम्पसन कोर्टात हजर राहिले नाहीत, २०१५ मध्ये पकडले गेले. त्या सोन्यापासून पाडलेली ५०० नाणी कुठे आहेत, याचे उत्तर दिले नाही म्हणून त्यांना वर्षानुवर्षे तुरुंगात राहावे लागले. ती कुठे आहेत हे ठाऊक नाही, असे त्यांचे म्हणणे. समुद्राने १३१ वर्षे सांभाळलेले सोने माणसांच्या हाती आले आणि भांडणे सुरू झाली.

तळघरातली नाणी

दुसरी गोष्ट बाल्टिमोर शहरातली. ऑगस्ट १९३४. मंदीचा काळ. भाड्याच्या घराच्या तळघरात दोन गरीब पोरे जमीन खणत होती. हाताला नाणी लागली. मोजली तेव्हा ३,५५८ सोन्याची नाणी भरली, सगळी १८५७ पूर्वीची. मुलांनी ती पोलिसांच्या स्वाधीन केली. मग घराच्या मालकिणी आल्या, जुन्या रहिवाशांचे वारस म्हणवणारेही आले. पण ती पुरली कुणी, हे कुणालाही सिद्ध करता आले नाही, आणि अखेर हक्क मुलांचाच ठरला. १९३५ मध्ये लिलावात त्यांचे सुमारे २०,००० डॉलर आले. मात्र त्या दोघांपैकी एक मुलगा १९३७ साली न्यूमोनियाने वारला.

झाडाजवळचे डबे

तिसरी गोष्ट अलीकडची. फेब्रुवारी २०१३ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातले एक जोडपे कुत्र्याला घेऊन आपल्याच जमिनीवर फिरत होते. एका जुन्या झाडाजवळ गंजलेला डबा मातीतून डोकावताना दिसला. उकरत गेले तसे एकूण ८ डबे निघाले. आत १,४२७ सोन्याची नाणी होती, १८४७ ते १८९४ या सालांची. नाण्यांवरची किंमत जेमतेम २७,९८० डॉलर. जाणकारांनी मोल लावले सुमारे १ कोटी डॉलर. ही नाणी टाकसाळीतून चोरीला गेलेली असावीत, अशी कुजबुज झाली; तसा काहीही पुरावा नाही, असे टाकसाळीने सांगितले. जोडप्याने आपले नाव जाहीर केले नाही.

नाण्यांची साले पाहिली तर कुणीतरी वर्षानुवर्षे थोडे थोडे साठवत असावे, असे वाटते. पाच-दहा नव्हे, आठ डबे! एवढी काटकसर करणारा माणूस कोण होता, त्याला बायको-मुले होती का, हे आज कुणालाही सांगता येत नाही. त्याने जागा नीट निवडली, डबे नीट पुरले. पण ज्यांच्यासाठी एवढे साठवले असेल, त्यांना ते मिळाले नाही.

आम्हाला या तिन्ही गोष्टींत हे सगळ्यात बोचते. बोटीवरच्या माणसांना सांगायला वेळच मिळाला नाही. वादळापुढे कुणाचे चालते? पण तळघरात आणि झाडाखाली पुरणाऱ्यांना वेळ होता. चोराच्या धास्तीने त्यांनी जे सगळ्यांपासून लपवले, ते घरच्यांपासूनही लपलेले राहिले.

आपण आज डबे पुरत नाही. तरी अब्बांची एखादी मुदतठेव, आईची भिशी, गावाकडच्या जमिनीचा कागद, कुणाला दिलेली उसनवारी यांची माहिती एकाच माणसाच्या डोक्यात असते. तो माणूस गेला की घरचे कपाटे धुंडाळत बसतात. बँकेतल्या ठेवीवर १० वर्षे कुणी हक्क सांगितला नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. वारसांना ती नंतरही मागता येते, पण आधी ती आहे हे ठाऊक तर हवे! आणि देणे कुणाचे, किती, हे लिहिलेले नसेल तर दुसऱ्याचा हक्क आपल्या घरात अडकून राहतो.

म्हणून या महिन्यात एक संध्याकाळ काढावी. साधी वही घ्यावी. घेणे, देणे, ठेवी, कागद, नॉमिनीचे नाव, कुणाची अमानत आपल्याकडे आहे ती, सगळे लिहावे आणि वही कुठे ठेवली हे घरातल्या दोघांना तरी सांगावे. घरातल्या बायकांना या वेळी शेजारी बसवावे. त्यांनी जपून ठेवलेले चार पैसेही त्याच वहीत यायला हवेत.