आकडीची गोळी, आकडी न येणाऱ्यांना

कॅप्सूल उघडायची, आतले बारीक दाणे चमचाभर सफरचंदाच्या गरावर भुरभुरायचे आणि न चावता गिळायला सांगायचे. अमेरिकेतल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहांत व्हॅल्प्रोएट देण्याची ही एक रीत. गोळी गिळता न येणाऱ्यांसाठी ती सोयीची आहे. बाकी औषधांची फेरी कुठेही असते तशीच: ट्रॉली, नाव ताडून पाहणे, तक्त्यावर सही. खटकते ते हे, की अपस्मारावरचे हे औषध कधीही आकडी न आलेल्या, पण स्मृतिभ्रंशामुळे ओरडणाऱ्या, येरझाऱ्या घालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनाही दिले जाते. त्यामागे एक मोजणी आहे. अशांना शांत करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या अँटिसायकोटिक, म्हणजे मनोविकारांवरच्या औषधांमुळे स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने 2005 मध्ये दिला. 2012 पासून सरकारने त्यांचा वापर कमी करण्याची मोहीम घेतली आणि तो खरोखर उतरला. पण आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी 2022 मध्ये 2011 ते 2019 चा हिशेब मांडला, तेव्हा दीर्घकाळ राहणाऱ्यांपैकी सुमारे 80 टक्के लोकांना मेंदूवर परिणाम करणारे काही ना काही औषध मिळतच होते. अँटिसायकोटिक घटली, अपस्मारविरोधी वाढली. ज्याची मोजणी झाली ते कमी झाले, 80 टक्के मात्र जागचे हलले नाहीत.

यावर म्हातारपणी अपस्मार खरोखरच वाढतो, असे म्हणता येईल. ते बरोबर आहे. पक्षाघात आणि अल्झायमर ही त्याची मोठी कारणे, आणि अशा रुग्णाची गोळी चुकवणे धोक्याचे. वाढलेल्या औषधांत मज्जातंतूंच्या वेदनेवर दिले जाणारे गॅबापेंटिनही आहे, हेही मान्य. राहता राहिला काळजी घेणाऱ्यांचा प्रश्न. हाताखाली माणसे कमी आणि एक आजोबा रात्रभर ओरडताहेत, अशा वेळी परिचारिकेने काय करावे? तिची अडचण खरी आहे, पण व्हॅल्प्रोएट हे तिचे उत्तर नव्हे. स्मृतिभ्रंशातल्या अस्वस्थपणावर त्याचा उपयोग होत नाही आणि दुष्परिणाम मात्र वाढतात, हे वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात दिसले आहे. वृद्धांना गुंगी येते आणि खाणे कमी होते, हा इशारा तर औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेला असतो. गुंगीतला माणूस शांत दिसतो, म्हणून औषध लागू पडले असे वाटते. त्याला कुठे दुखते का, लघवीला जळजळ होते का, भूक लागली आहे का, हे विचारायचे राहून जाते आणि औषध महिनोन्‌महिने चालू राहते.

आपले माणूस अशा ठिकाणी असेल तर त्याच्या औषधांची यादी मागा. अपस्मारविरोधी औषध दिसले तर ते आकडीसाठी, वेदनेसाठी की अस्वस्थपणासाठी, हे डॉक्टरांना विचारा आणि कारण लिहून घ्या. मात्र ते स्वतःहून एकदम थांबवू नका. त्यानेही आकडी येऊ शकते.